फ्लाइट सिम्युलेटर २०२४ चा रिव्ह्यू, आणि पुढचे सिम आतून कसे असतील याचा माझा अंदाज

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४, म्हणजे घरबसल्या विमान उडवायचा सिम्युलेटर (थोडक्यात सिम), आता बऱ्यापैकी मुरलाय. १९ नोव्हेंबर २०२४ ला आला तेव्हाची अवस्था आणि आताची यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. ग्राफिक्स कसे, विमानं किती, फ्रेम किती मिळतात हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला जास्त इंटरेस्ट आहे हा सिम आतून चालतो कसा यात, कारण पुढच्या काही वर्षांत जे सिम येणारेत, मग ते मायक्रोसॉफ्टचे असोत, एक्स-प्लेनचं पुढचं व्हर्जन असो नाहीतर लढाऊ विमानांचा डीसीएस, त्या सगळ्यांची दिशा इथे दिसायला लागलीये. मत आधीच सांगून टाकतो: जरूर घ्या, पण घरचं नेट चांगलं असेल तरच.

माझा सगळा अंदाज एका साध्या नियमावर उभा आहे. जी गोष्ट सेकंदभर उशिरा आली तरी उडवणाऱ्याला कळत नाही ती क्लाउडवर जाणार, आणि जिला एका फ्रेमचाही उशीर चालत नाही ती तुमच्या टेबलाखालच्या पीसीतच राहणार. जमीन, झाडं, इमारती, हवामान, बाकीची ट्रॅफिक, एटीसी (रेडिओवरून विमानांना सूचना देणारे कंट्रोलर) हे सगळं पहिल्या गटात. तुमच्या विमानाच्या पंखावर आत्ता किती लिफ्ट आहे हे दुसऱ्या गटात. साठ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे जेमतेम १६-१७ मिलिसेकंद, आणि स्टिक ओढल्यावर सिग्नल सर्व्हरला जाऊन परत येईपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो, त्यामुळे फ्लेअर करताना, म्हणजे चाकं टेकायच्या जरा आधी, नाक कधी उचललं हे दूरचा सर्व्हर ठरवायला लागला तर लँडिंग करणंच अवघड होईल. हा नियम डोक्यात ठेवून २०२४ कडे बघितलं की बरंच काही उलगडतं.

२०२० वाला सिम, जो १८ ऑगस्ट २०२० ला पीसीवर आला, तो जमिनीचे फोटो आणि फोटोग्रामेट्री (अनेक फोटो जोडून बनवलेली थ्रीडी शहरं) स्ट्रीम करायचा पण विमानं, एअरपोर्ट, वर्ल्ड अपडेट हे सगळं डिस्कवर उतरवायला लागायचं आणि ते वाढत वाढत शंभर जीबीच्या पार जायचं. २०२४ मध्ये आसोबो स्टुडिओने, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या टीमने, विमानं आणि एअरपोर्टसुद्धा क्लाउडवर टाकली. लागेल तेव्हा लागेल तेवढंच खाली येतं, म्हणून मिनिमममध्ये जागा फक्त ५० जीबी मागितलीये. आयडिया उत्तम आहे, पण पहिल्याच दिवशी काय झालं ते सगळ्यांनी बघितलं: लोक लोडिंगला ९७ टक्क्यांवर अडकून बसले, ज्यांना आत जाता आलं त्यांच्याकडे विमानं आणि सीनरी गायब. नंतर मायक्रोसॉफ्टच्या जॉर्ग नॉयमन आणि आसोबोच्या सेबास्टियन व्लोक यांनी व्हिडिओ करून सांगितलं की दोन लाख नकली युजर सोडून टेस्टिंग केलं होतं, पण खरी गर्दी आल्यावर डेटा पुरवणारी कॅशच (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारी साठवण) कोलमडली. त्यांनी हे उघडपणे सांगितलं याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण यातून एक गोष्ट पक्की कळते की पुढच्या सिमची परीक्षा ग्राफिक्स कार्डवर कमी आणि सर्व्हरच्या रांगेत जास्त होणार आहे.

आता आपल्याकडचा हिशोब बघा. स्पीड मिनिमम १० एमबीपीएस मागितलाय, रेकमेंडेड ५० आणि आयडियल १००. ५० ने सलग ओढत राहिला तर तासाला साडेबावीस जीबी होतात. प्रत्यक्षात सलग ओढत नाही, उंचावर क्रूझ करताना बराच कमी लागतो आणि शहरावरून खालून गेलात की एकदम वाढतो. घरी फायबर असलेल्यांना महिन्याला तीन हजारांच्या वर जीबी मिळतात म्हणजे लिमिटची भीती नाही, त्यांचा प्रश्न नेट मध्येच डुलक्या घेतं हा आहे. पण हॉस्टेलला राहणारी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणारी पोरं आहेत त्यांचे रोजचे २ जीबी या स्पीडने सव्वापाच मिनिटांत संपतील. ही पोरं म्हणजेच उद्याचे सिमर आणि त्यातले काही उद्याचे पायलट, त्यामुळे हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रोलिंग कॅश (नुकताच आलेला डेटा तुमच्या डिस्कवर ठेवणारी जागा) आहे, ती मोठी करून एसएसडीवर ठेवा, तोच रूट परत उडवलात तर फरक पडतो. पण पुढच्या सिममध्ये मला सरळ एक बटण हवंय की महाराष्ट्र आणि गोवा या दर्जात उतरवून ठेव, मग नेट गेलं तरी चालेल. हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अशक्य नाहीये, २०२० मध्ये मॅन्युअल कॅश, म्हणजे निवडलेला भाग आधीच उतरवून ठेवायची सोय, होतीच. आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचा सेंट्रल इंडिया रीजन तर पुण्यातच आहे, मुंबई-चेन्नईलाही आहेत, म्हणजे जवळून डेटा द्यायची सोय मायक्रोसॉफ्टच्या हातात आहे.

जमिनीकडे येतो, कारण खरी मजा आणि खरी अडचण दोन्ही तिथेच. २०२० मध्ये बिंग मॅप्सच्या दोन पेटाबाइटच्या वर डेटावर ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क कंपनीचं एआय चालवून जगभरात दीड अब्ज इमारती उभ्या केल्या होत्या. वरून घेतलेल्या फोटोत छप्पर ओळखायचं, उंचीचा अंदाज बांधायचा आणि घर उभं करायचं. जिथे नकाशाचा डेटा होता तिथे तोही वापरला आणि त्यातूनच मेलबर्नमधला तो प्रसिद्ध २१२ मजली सुळका उगवला, कुणीतरी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर २ मजले लिहिताना २१२ टाइप केलं होतं. एआय स्वतः शहाणं नसतं, डेटा जसा तसं जग. पाश्चिमात्य उपनगरात प्रत्येक घर सुटं, भोवती हिरवळ, तिथे हे तंत्र भारी चालतं. घाटकोपर-असल्फाच्या टेकडीवर, जिथे मुंबईच्या २७ रनवेला उतरताना विमानं अगदी डोक्यावरून जातात, तिथे पत्र्याला पत्रा चिकटलेला आणि त्यावर निळी ताडपत्री, अशा फोटोतून एकेक घर वेगळं काढणं कुठल्याही अल्गोरिदमला जड जाणार. माझा अंदाज असा की पुढच्या पिढीत प्रत्येक देशासाठी वेगळं शिकवलेलं मॉडेल येईल, ज्याला चाळ, टॉवर, कौलारू घर आणि पत्र्याची वस्ती यातला फरक कळेल. आपल्या शहरांवरून उडताना ते शहर आपलं वाटेल ते तेव्हाच.

आणि सह्याद्री. हे जरा तपशिलात सांगतो कारण सह्याद्रीत उडवणाऱ्या प्रत्येकाला हे डोळ्यांनी दिसतं. बहुतेक सिममध्ये जमीन म्हणजे उंचीचा तक्ता असतो, प्रत्येक ठिकाणासाठी एकच आकडा, इथे समुद्रसपाटीपासून इतके मीटर. आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तो नुसता उभा नाहीये, आत वळलेला आहे, वरची कड पुढे आणि खालची भिंत मागे. म्हणजे तिथे एकाच ठिकाणासाठी उंचीचे दोन-तीन आकडे लागतात आणि तक्त्यात जागा एकाचीच. वर डेटा ३० मीटरच्या चौकटीचा असेल तर दोन चौकटींमधला सरळ तुटलेला कडा उतार होऊन जातो, नाणेघाटाचा अंगठा गोल टेकाड होतो. यात प्रोग्रॅमरचा दोष नाही, साठवण्याची पद्धतच तशी आहे. यावर उपाय म्हणजे जमीन तक्त्याऐवजी खऱ्या थ्रीडी जाळीत साठवणं, फोटोग्रामेट्रीच्या शहरांसाठी हे आत्ताही करतात. दुसरा उपाय म्हणजे २०२३ मध्ये फ्रान्सच्या इनरिया संस्थेतून आलेलं गॉशियन स्प्लॅटिंग, ज्यात पृष्ठभागाऐवजी रंगीत अर्धपारदर्शक ठिपक्यांचे ढग साठवतात आणि झाडं, कडे, तारा असल्या अवघड गोष्टीही फोटोसारख्या दिसतात. मला वाटतं सिममध्ये हे आधी एअरपोर्ट आणि प्रसिद्ध जागांसाठी येईल, अख्ख्या जगासाठी लगेच नाही, कारण त्यात फोटो काढला त्या वेळचा उजेड चिकटलेला असतो आणि सिममध्ये तर सकाळ, संध्याकाळ, रात्र सगळं फिरवायचं असतं. उजेड वेगळा काढण्यावर संशोधन चालू आहे, ते जमलं की खेळ बदलला.

जुन्या डेटाचा प्रश्न तर वेगळाच. बऱ्याच सीनरीच्या मुळाशी असलेला एसआरटीएमचा उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर स्पेस शटलवरून घेतलेला आहे. नवी मुंबई एअरपोर्टसाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. पण जो सिम फक्त त्या जुन्या डेटावर चालेल त्यात ती टेकडी अजून तशीच उभी असणार. म्हणून पुढच्या सिममध्ये सॅटेलाइट फोटो बदलला की उंची, पाणी, रस्ता, इमारत सगळं आपोआप परत तयार होईल अशी साखळी लागेल, आणि ती क्लाउडवरच शक्य आहे.

भारताच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी सिमच्या गप्पांत फारशी निघत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या जिओस्पेशियल गाइडलाइन्सनुसार आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर यापेक्षा बारीक डेटा गोळा करायचा आणि बाळगायचा अधिकार फक्त भारतीय संस्थांना आहे, तो साठवायचा भारतातच, आणि परदेशी कंपनीला तो मिळाला तर तो भारतातल्या ग्राहकांसाठी, तोही एपीआयमधून, म्हणजे मागेल तेवढाच ऑनलाइन पुरवून. फोटोग्रामेट्री शहर म्हणजे एक मीटरपेक्षा बारीक डेटा, उघड आहे. म्हणजे मुंबईचं हुबेहूब शहर पुण्यातल्या खेळाडूला दिसू शकतं आणि लंडनमधल्या मराठी माणसाला नाही, असं काहीतरी मला पुढे दिसतंय. स्ट्रीमिंगमुळे हे पहिल्यांदाच शक्य झालंय, कारण डेटा तुमच्या डिस्कवर कायमचा येतच नाही. नियम पाळून भारतीय कंपनीबरोबर करार करायचा रस्ता उघडा आहे, कुणीतरी तो धरावा ही मनापासून इच्छा.

एक्स-प्लेन १२ ची तुलना इथे करायलाच पाहिजे. डिसेंबर २०२२ ला आलेला हा सिम ऑस्टिन मेयर यांच्या लॅमिनार रिसर्चचा. दिसायला तो मागे आहे, जमीन ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेली साधी असते, लोक ऑर्थो (वरून घेतलेल्या फोटोंची जमीन) टाकून भागवतात. पण उडायला? पंख आणि प्रोपेलरचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावरचा वारा आणि बल सेकंदाला कितीतरी वेळा मोजायचं, ब्लेड एलिमेंट म्हणतात त्याला, आणि त्यामुळे क्रॉसविंडमध्ये सेसना १७२ कशी तिरकी होते, रडर सोडला की काय करते हे हाताला कळतं. आणि नेट बंद असतानाही तेवढंच कळतं. २०२४ नेही इथे मोठी उडी मारली आहे, आधी विमानाच्या पृष्ठभागाचे हजारेक तुकडे मोजायचे ते आता दहा हजारांपर्यंत नेलेत, आणि दोर, कापड, फुगा असल्या मऊ गोष्टींचं फिजिक्स आलं म्हणून हॉट एअर बलून जमायला लागला. हे परवडलं कारण काम सीपीयूच्या अनेक कोअरवर वाटलं गेलं. मायक्रोसॉफ्टचाच २००६ चा सिम एफएसएक्स आठवा, एकच कोअर घामाघूम आणि बाकीचे निवांत. डीसीएसलाही मल्टिथ्रेडिंग मिळायला २०२३ उजाडलं. माझ्या नियमानुसार हा भाग घरीच राहणार, म्हणून पुढच्या सिममध्येही चांगल्या सीपीयूला पर्याय नसेल.

लॅमिनार नवीन पिढीच्या सीनरीवर काम करतंय, आणि डीसीएसवाल्या ईगल डायनॅमिक्सने अख्ख्या गोल पृथ्वीच्या नकाशाचं आणि व्हल्कनचं (ग्राफिक्स कार्डशी बोलायची नवी पद्धत) काम चालू असल्याचं सांगितलंय. आत्ता डीसीएसचे नकाशे प्रदेशापुरते असतात. गोल पृथ्वीत एक अडचण असते ती मला फार आवडते म्हणून सांगतोच. गेममध्ये जागा साधारण ३२ बिटच्या आकड्यात ठेवतात. पृथ्वीचा मध्य शून्य धरला तर जमिनीवरचं विमान ६३ लाख ७१ हजार मीटरवर येतं, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात ३२ बिटची सगळ्यात लहान पायरी अर्ध्या मीटरची असते. म्हणजे कॉकपिटमधलं बटण एकतर इथे नाहीतर अर्धा मीटर पलीकडे, मधे काही नाहीच! म्हणून सिमवाले शून्य सतत विमानाजवळ सरकवत राहतात नाहीतर ६४ बिट वापरतात. अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिट जागा आता आयती मिळते, जगाचा थ्रीडी नकाशा पुरवणाऱ्या सीझियमचं प्लगइन लावून खरी पृथ्वी आत आणता येते. त्यामुळे माझी पैज अशी की पुढचा आश्चर्याचा धक्का मोठ्या कंपनीकडून येणार नाही, छोट्या टीमकडून येईल, ज्यांना पृथ्वी बनवायला लागणार नाही, फक्त विमान चांगलं बनवायला लागेल.

हवामान २०२४ मध्ये सुंदर आहे, यात वाद नाही. स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लूचा डेटा येतो. पावसाळ्यात पुण्याहून निघून बोरघाटावर आलात की ढगांची भिंत समोर येते आणि आत शिरल्यावर पोटात गोळा येतो. पण घाटाचं हवामान आकड्यांच्या जाळीत मावत नाही हेही दिसतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची आहे आणि जागतिक मॉडेलसाठी ही फार बारीक चौकट आहे, आपल्याला अभिमान वाटावा अशीच. तरी खंडाळ्याचा कडा आणि खाली खोपोली अशा एका चौकटीत मावतात, वर हात दिसत नाही असं धुकं आणि खाली नुसती रिमझिम. इथे एआय कामाला येईल असं मला वाटतं. गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्ट या एआय मॉडेलने २०२३ मध्येच दाखवलं की दहा दिवसांचा अंदाज एका चिपवर मिनिटाच्या आत निघतो. असलंच मॉडेल जाड अंदाज घेऊन डोंगराच्या आकाराप्रमाणे बारीक करून देऊ शकतं, पश्चिमेचा वारा कड्यावर चढला की ढग इथे, पलीकडे पर्जन्यछाया, खाली रोटर (डोंगरामागे गरगरणारा वारा). हे काम सेकंदभर उशिरा झालं तरी चालतं म्हणजे क्लाउडवर. त्या वाऱ्याने तुमचा डावा पंख किती उचलला हे मात्र घरी.

एटीसी हा २०२४ चा कच्चा भाग आहे, ठोकळेबाज बोलतं. बाहेरचे बियाँडएटीसी आणि सेइंटेन्शन्ससारखे अ‍ॅडऑन एआयने बोलतात, तुम्ही माइकवर बोला आणि उत्तर येतं, दिशा हीच आहे. पण भाषा मॉडेलच्या हातात सगळं देऊ नये हे मी ठामपणे सांगतो. मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ हे रनवे एकमेकांना छेदतात. ज्याला हे माहीत नाही ते एआय अगदी गोड आवाजात एकावर लँडिंग आणि दुसऱ्यावर टेकऑफ क्लिअर करून टाकेल. रनवे, उंची, अंतर हे पक्क्या नियमांच्या प्रोग्रॅमने ठरवावं आणि एआयने फक्त बोलावं-ऐकावं, आपले उच्चार समजून घ्यावेत, एवढी वाटणी पुरे. तोपर्यंत व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर या, २००१ पासून माणसंच कंट्रोलर म्हणून बसतायत आणि शिकवतातही मनापासून.

घेणाऱ्यांसाठी थोडं. एडिशन चार आहेत, स्टँडर्डमध्ये ७० विमानं आणि सगळ्यात वरच्या एव्हिएटरमध्ये १२५. स्टँडर्ड पुष्कळ झालं, किंवा आधी पीसी गेमपासवर चालवून बघा. डिसेंबर २०२५ पासून पीएस५ वरही आहे. पीसी बांधत असाल तर पैसे आधी एएमडीच्या एक्स३डी वाल्या सीपीयूत घाला, त्यांची मोठी कॅश सिमला जबरदस्त मानवते, मग ३२ जीबी रॅम, मग कार्ड. फ्रेम जनरेशनच्या (मधल्या फ्रेम कार्डनेच बनवायच्या) आकड्यांवर भाळू नका, बाहेरचं दृश्य मऊसूत होतं पण डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणं) आणि ते मिळून जी१००० या कॉकपिटमधल्या डिजिटल पॅनेलच्या स्क्रीनवर उंचीची पट्टी फिरताना आकड्यांमागे सावली राहते, आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग करणाऱ्याला नेमके तेच आकडे वाचायचे असतात. पुढच्या पिढीत कॉकपिटचे स्क्रीन त्या प्रक्रियेतून वेगळे काढून पूर्ण रिझोल्यूशनला रंगवतील अशी माझी अपेक्षा आहे, अवघड नाहीये.

गोंदिया-बारामतीला पायलटच्या ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, घरच्या सिमचे तास डीजीसीए लॉगबुकात धरत नाही. पण चेकलिस्ट, रेडिओचे शब्द, जी१००० ची बटणं हे सगळं इथे फुकटात पाठ होतं आणि तिथे तासाचे पैसे मोजताना ते कामाला येतं. त्यांनी एक्स-प्लेनचा डेमोही उतरवून बघावा, २०२४ घेतलाच तर राउटरपासून पीसीपर्यंत केबल टाकावी, वायफायच्या भरवशावर अ‍ॅप्रोच करू नये.